गाडी चालवताना पाय भरून येतो, कंबर धरते? कुशन वाढवण्याआधी या क्रमाने तपासा

लातुरात माझं गाड्यांच्या कुशनचं दुकान आहे. येणारा माणूस तक्रार सांगत नाही, थेट ऑर्डर देतो. "मामा, सीटमध्ये दोन इंच फोम वाढवा, पाय लई भरून यायलाय." फोम वाढवून दिला की माझे पैसे होतात आणि थोड्या दिवसांनी तोच माणूस तीच तक्रार घेऊन परत येतो. फोम वाढला की माणूस वर जातो, मांडी स्टेअरिंगला घासायला लागते, डोकं छताला टेकायला येतं आणि ठेंगण्या माणसाची टाच जमीन सोडते. पायाला जागा मागायला आलेला माणूस होती ती जागाही घालवून बसतो.

म्हणून क्रम लिहून ठेवतोय. आधी फुकटचं, मग शे-दोनशे रुपयांचं, मग गॅरेजचं, आणि माझं काम सगळ्यात शेवटी. कार असो, पिकअप असो, छोटा हत्ती, आयशर की दहा टायरी, क्रम हाच.

दुखतं कुठं आणि किती वेळाने

डावा गुडघा किंवा डावी मांडी दुखत असेल, आणि तेही लातुरातल्या गंजगोलाई बाजाराच्या गर्दीतून गाडी काढताना जास्त, तर बहुतेक वेळा क्लचचं काम असतं.

उजवी नडगी, पोटरी नाहीतर घोटा धरतो, आणि गावात काही नाही, नांदेड रोडला मोकळा रस्ता लागला की सुरू होतं? रेसच्या म्हणजे ॲक्सिलरेटरच्या पेडलपाशी टाच नीट टेकत नाही, पाऊल अधांतरी धरून ठेवावं लागतंय.

दोन्ही पायांना मांडीच्या मागून खाली मुंग्या येतात, म्हणजे सीटची पुढची कड मांडीत रुततेय. एकाच बाजूच्या कुल्ल्यात कळ येते आणि मांडीच्या मागून खाली उतरते, म्हणजे मागच्या खिशातलं पाकीट नाहीतर एका अंगाला बसलेलं कुशन. पँटच्या पट्ट्याच्या रेषेत कंबर दुखते, म्हणजे पाठ आणि सीट यांच्यात पोकळी राहिलीय.

खांदे आणि मान दुखणारे लोक सीटचा विचारच करत नाहीत. पण पायाला जागा हवी म्हणून सीट मागे सारली की स्टेअरिंग लांब जातं आणि माणूस दिवसभर हात ताणून बसतो. दुखणं मानेत, कारण पायात.

वेळही नीट सांगा. बसल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत त्रास सुरू होत असेल तर सीट लावायची पद्धत चुकलीय, ते फुकटात सुटतं. दीड-दोन तासांनी सुरू होत असेल तर हादरे, घाम, बसलेला फोम यांच्याकडे बघायचं. गाडीतून उतरल्यावरही राहत असेल, रात्री झोपेत पाय बधिर पडत असेल, तर आधी या लेखातला डॉक्टरचा भाग वाचा, मग बाकीचं.

अजून एक सोपी पारख. दुसऱ्याच्या गाडीवर तेवढाच वेळ बसून काही होत नाही, तर दोष तुमच्या गाडीत. सगळ्या गाड्यांत होतं आणि घरी खुर्चीवरही होतं, तर कुशनवाल्याकडे येऊन उपयोग नाही.

फुकटच्या तपासण्या

खिसे रिकामे करा. ट्रकवाल्यांच्या पाकिटात पैसे कमी आणि डिझेलच्या पावत्या, बिल्ट्या, लायसनची झेरॉक्स जास्त. बोटभर जाडीची ती गादी एका कुल्ल्याखाली घेऊन माणूस लातूरहून नागपूरला जातो. कंबरेचं हाड तेवढा वेळ तिरकं राहतं आणि पायाकडे जाणारी शीर जिथून जाते नेमका तिथंच दाब पडतो. पाकीट डॅशबोर्डच्या खणात ठेवून चार-पाच दिवस गाडी चालवा. काही जणांचं दुखणं इथंच संपतं आणि माझं गिऱ्हाईक जातं. जाऊ दे.

मग पायाखालचं मॅट. कंपनीचं मॅट, त्यावर शोरूमने दिलेलं, त्यावर पावसाळ्यात चिखल नको म्हणून टाकलेलं पोतं. असे तीन थर असले की टाच वर उचलली जाते आणि पेडलवर पाऊल मोडून ठेवावं लागतं. शिवाय क्लचखाली मॅट गोळा झालं की क्लच पुरता दबत नाही, आणि रेसखाली अडकलं तर काय होईल ते सांगायला नको. मॅट एकच ठेवा, तेही जमिनीवरच्या हुकात अडकवलेलं.

सीटखाली हात घाला. सीट मागे जात नाही म्हणून एक पिकअप आला होता. मालकाला वाटत होतं, सीट जिच्यावरून पुढे-मागे सरकते ती रेलच वाकलीय. वाकून बघितलं तर रेलच्या खाचांत सोयाबीनचे दाणे, धूळ आणि जुनं ग्रीस यांचा गिलावा दगडासारखा घट्ट बसलेला. दाभणाने खरवडून काढला, पडलेले दाणे झाडूने ओढले आणि सीट शेवटच्या खाचेपर्यंत गेली. एवढ्यात त्याची पायाची जागा वाढली. तुमच्याही सीटखाली जॅक, पाना, फडकं, पाण्याची बाटली काहीतरी असेलच. बाटली तर तिथं कधीच ठेवू नका. ब्रेक मारला की ती घरंगळत पुढे येते आणि पेडलखाली जाते.

चपलेचं थोडक्यात. मागे पट्टा नसलेली चप्पल पायातून सुटू नये म्हणून बोटं सारखी आवळून धरावी लागतात. पोटरी दुखायला तेवढंही पुरतं.

सीट लावायची रीत

यात सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून थोडं सविस्तर लिहितो. गाडी सपाट जागेवर, बंद, हँडब्रेक लावलेला. रोजची पादत्राणं पायात. आधी बूड सीटच्या पार मागच्या कोपऱ्यात सारा. अर्ध्या सीटवर बसून केलेलं कुठलंही माप चुकतं.

सुरुवात क्लचपासून. डाव्या पायाने क्लच तळापर्यंत दाबा. तो पूर्ण दाबलेला असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ काठीसारखा होत असेल तर प्रत्येक क्लचला कंबर पुढे ओढली जाते, पाठ सीट सोडते आणि संध्याकाळपर्यंत कंबर बोलायला लागते. उलट गुडघा जास्त दुमडून स्टेअरिंगच्या खांबाला लागत असेल तर एकेक खाच मागे जा. क्लच नसलेली गाडी असेल तर हेच माप ब्रेक जोरात दाबून घ्यायचं.

मग उंची. बऱ्याच गाड्यांत सीटच्या बाजूला उंचीचा लिव्हर असतो, पण कित्येकांनी गाडी घेतल्यापासून त्याला हात लावलेला नसतो. डोकं आणि छत यांच्यात एक मूठ मावली पाहिजे, मीटर पूर्ण दिसला पाहिजे, टाच जमिनीवर राहिली पाहिजे. सीटची कड आणि गुडघ्यामागची खळी यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवी. त्या खळीतून रक्तवाहिन्या आणि शिरा जातात. तिथं कड टेकली की मुंग्या आल्याच.

उंच माणसांनी इथं एक गोष्ट उलटी समजून घेतलेली असते. पाय लांब म्हणून ते सीट मागे आणि खाली नेतात. खाली गेलं की पाय आडवे पसरावे लागतात आणि आडव्या पायाला लांबी जास्त लागते. थोडं वर बसलं की पाय खाली सुटतात, गुडघ्यापुढची जागा आपोआप वाढते. ट्रकच्या केबिनमध्ये पुढे-मागे जागा कमी असूनही पाय बसतात ते याच कारणाने, तिथं माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसतो. तेव्हा छत परवानगी देत असेल तर सीट वर घेऊन बघा.

मग फोम वाढवून वर गेलं तर काय बिघडलं, असं कुणी विचारेल. बहुतेक गाड्यांत लिव्हरने बैठक आणि पाठ दोन्ही मिळून वर येतात. फोमने फक्त बूड वर जातं. सीटच्या पाठीचा जो उभार कमरेला टेकायचा, तो कुल्ल्याच्या वरच्या हाडावर येतो.

पाठीचा कोन काटकोनापेक्षा थोडा जास्त, १०० ते ११० अंशांच्या मध्ये. आरामखुर्चीसारखं मागे रेलून गाडी चालवणाऱ्याची मान पुढे काढलेली असते, बघा कधीतरी. पाठ टेकलेली ठेवून हात सरळ पुढे करा. मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. फक्त बोटं पोचत असतील तर सीट पुढे घेऊ नका, पाठ थोडी उभी करा. पायाचं माप आधीच बसलंय, ते मोडायचं नाही.

आता स्टेअरिंग. वर-खाली होण्याची सोय बऱ्याच गाड्यांत असते, पुढे-मागे होण्याची कमी गाड्यांत. मांडीवरून मूठ सरकेल एवढी जागा ठेवा. छाती आणि स्टेअरिंगचा मध्य यांच्यात निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं, कारण एअरबॅगला फुगायला तेवढी जागा लागते. शेवटी हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाएवढी, आणि सीट बेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर. पट्टा पोटावर चढत असेल तर खाली घातलेली उशी आजच काढा. धडकेत तो पट्टा हाडाऐवजी पोटात घुसतो.

एका गाडीवर दोन ड्रायव्हर असतील तर रेलवर ऑइलपेंटच्या दोन खुणा करा, एक पांढरी, एक लाल. दर पाळीला पुन्हा अंदाज घेत बसावं लागत नाही.

माहितीपत्रकातल्या पायाच्या जागेच्या आकड्यावर फार जाऊ नका. पुढच्या सीटचं ते माप घ्यायची जुनी ठरलेली पद्धत आहे: सीट पार मागे, पाय न दाबलेल्या रेसवर, घोट्याच्या सांध्यापासून खुब्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर आणि त्यात वर २५४ मिलीमीटर म्हणजे १० इंच मिळवलेले. क्लचच्या पायाला किती जागा आहे, डावा गुडघा मधल्या कन्सोलला घासतो का, उजवा दरवाजाच्या हँडलला लागतो का, हे त्या आकड्यात येतच नाही. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि छोट्या गाड्यांत उजव्या चाकाचा फुगवटा पायाच्या जागेत आत येतो. त्यामुळे पेडल डावीकडे सरकवलेले असतात आणि माणूस कंबरेतून थोडा पिळून बसतो. हा दोष कुठल्याही कुशनने जात नाही. नवी गाडी घेताना शोरूमच्या आवारातली एक चक्कर पुरत नाही, तासभर मागा. सीटचा मध्य, स्टेअरिंगचा मध्य आणि ब्रेक किती वाकडे-तिकडे आहेत ते बसून बघा.

शे-दोनशे रुपयांत होणारं

कंबरेच्या पोकळीची परीक्षा घरच्या टॉवेलने होते. हात पुसायचा टॉवेल मनगटाएवढा जाड गुंडाळा, दोन्ही टोकांना रबर लावा आणि पट्ट्याच्या रेषेत पाठीमागे ठेवून शेजारच्या गावापर्यंत, आमच्याकडे औशापर्यंत, जाऊन या. आराम वाटला तर तिथं भर कमी आहे हे ठरलं. दुकानदाराला टॉवेल दाखवा, तेवढीच भर घालून मिळेल. बाजारातल्या तयार उशा बऱ्याचदा इतक्या जाड असतात की माणूस स्टेअरिंगकडे ढकलला जातो आणि पायाची जागा पुन्हा गेली. गाडीत कमरेच्या आधाराची चकती किंवा बटण असेल तर टॉवेलचीही गरज नाही, आधी ते फिरवून बघा.

रेल साफ झाली की कोरड्या ब्रशने झाडा आणि हलकं ग्रीस बोटाने पुसट लावा. थापून लावलेलं ग्रीस आपल्याकडच्या फुफाट्यात महिनाभरात पुन्हा गिलावा होतं. सीट सरकवल्यावर दोन्ही बाजूंच्या रेलचा खटका बसला का ते अंग पुढे-मागे हलवून तपासा. एकाच बाजूचा खटका बसलेली सीट ब्रेक मारल्यावर तिरकी होते.

जाड सीट कव्हर घातल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर कव्हर काढून चार दिवस बघा. सीटच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी किंवा अक्षरं शिवलेली असतील तर ती बाजू झाकणारं साधं कव्हर मुळीच घालू नका. एअरबॅग त्या शिवणीतून फुटून बाहेर येते.

उन्हाळ्याची तक्रार वेगळी. एप्रिल-मेमध्ये रेक्झिनवर बसलं की मांडीखाली घाम साचतो, माणूस सारखा सरकतो आणि बसायची घडी मोडते. बैठकीच्या मधल्या पट्ट्यात कापड किंवा भोकाचं रेक्झिन घाला, कडा साध्या रेक्झिनच्या ठेवा, त्या लवकर झिजतात. मण्यांच्या आसनाने हवा खेळते हे खरं, पण बारीक अंगाच्या माणसाला ते टोचतं. ईको व्हॅन, छोटा हत्ती अशा गाड्यांत इंजिन सीटच्या खालीच असतं. तिथं सीट उचलून इंजिनच्या झाकणाची रबरी पट्टी आणि उष्णता अडवणारा थर जागेवर आहे का ते बघा. सर्व्हिसिंगनंतर फाटलेली पट्टी तशीच बसवून दिली की गरम हवा थेट पायाशी येते. त्या हवेला जळक्या तेलाचा किंवा धुराचा वास येत असेल तर गॅरेज गाठा, केबिनमध्ये धूर येणं जिवावरचं आहे.

मोठ्या ट्रकवाल्यांसाठी एक बरी गोष्ट. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. पिकअप आणि छोटा हत्ती त्यात येत नाहीत. त्यांना वर सांगितलेलीच कसरत.

गॅरेजमध्ये करायचं

डाव्या गुडघ्याच्या तक्रारीवर कुशन बदलून काही होत नाही. शक्य असेल तर तुमच्याच मॉडेलची कमी चाललेली गाडी घ्या आणि तिचा क्लच दाबून बघा. तुमचा ठळकपणे जड असेल तर मेस्त्रीला दाखवा. केबलचा क्लच असेल तर केबल आतून सुकलेली किंवा तार तुटायला आलेली असते. केबल बदलणं स्वस्त आहे. केबल ठीक असूनही जड असेल तर क्लचप्लेट झिजत आलेली असू शकते, कारण प्लेट झिजली की तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचा कोन बदलतो आणि पायाला जोर जास्त लागतो. तो खर्च मोठा आहे, पण ते काम आज ना उद्या निघणारच असतं. गुडघा फक्त आधी कळवतो.

सवयही बघा. क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवणारे खूप आहेत. डाव्या बाजूला पाय टेकायची जागा दिलेली असेल तर तिथं, नसेल तर क्लचच्या डावीकडे जमिनीवर पाऊल ठेवा. गुडघाही वाचतो आणि प्लेटही.

हादऱ्यांसाठी पहिली तपासणी हवेची. टायरमध्ये जास्त हवा भरली की दगडी चाकावर बसल्यागत होतं. दरवाजाच्या खांबावर किंवा पुस्तकात लिहिलेला आकडा बघा, पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. रिकामा पिकअप भरलेल्यापेक्षा जास्त आदळतो. मागचे पाटे भाराच्या हिशोबाने बनवलेले असतात, त्यात बिघाड काही नाही. आडतीवर माल उतरवून परतताना वेग कमी ठेवला तर कंबर निम्मी वाचते.

ट्रकमध्ये सस्पेन्शन सीट, म्हणजे खाली स्वतःची स्प्रिंग असलेली सीट, असेल तर तिच्या पुढे किंवा बाजूला वजनाची चकती असते, किलोच्या खुणा असलेली. ती स्वतःच्या वजनावर आणा. आधीचा ड्रायव्हर नव्वद किलोचा आणि तुम्ही साठचे असाल तर सीट तुमच्याखाली लाकडाची फळी होते. उलट असेल तर प्रत्येक खड्ड्याला तळाला आपटते. चकती लावूनही आपटत असेल तर खालचा डॅम्पर, म्हणजे हादरा जिरवणारा भाग, गेलाय.

बसलेलं माणसाचं शरीर सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या वर-खाली हादऱ्यांना सगळ्यात जास्त हलतं. मऊ फोमची सीट नेमके तेच हादरे वाढवून वर पाठवते. म्हणून खड्ड्यांवर उपाय म्हणून जाड मऊ कुशन मागणाऱ्याला मी आधी टायर, शॉकअप आणि ही चकती दाखवून यायला सांगतो.

आता माझं काम

इथपर्यंत सगळं करून त्रास उरला तर फोम बघायचा. रिकाम्या सीटवर मूठ मध्यभागी जोरात दाबा. खाली पत्रा किंवा स्प्रिंग हाताला लागली तर फोम संपलाय. डावी आणि उजवी बाजू सारख्याच जोराने दाबा. ड्रायव्हर सीटची दरवाजाकडची कड आधी बसते, कारण दिवसभर चढ-उतर तिच्यावरून होते. तेवढा एकच तुकडा बदलून भागत असेल तर पूर्ण सीट करू नका. फोम काढल्यावर खालच्या झिगझॅग स्प्रिंगा मोजा. एक तुटलेली किंवा हुकातून सुटलेली असेल तर वर कितीही भारी फोम घाला, सहा महिन्यांत तिथं खड्डा पडणार.

डेन्सिटी म्हणजे कडकपणा असं दुकानदारही सांगतात. ते चूक आहे. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन, म्हणजे त्यात माल किती भरलाय. कडक-मऊ हा वेगळा गुण. हलक्या डेन्सिटीचा कडक फोम दुकानात झकास वाटतो आणि एका सीझनमध्ये बसतो. रोज लांब पल्ला करणाऱ्याने ४० डेन्सिटीच्या खाली जाऊ नये असं माझं मत. खात्री कशी करायची? एक फूट लांब, एक फूट रुंद, चार इंच जाड तुकडा काट्यावर ठेवा. ४० चा असेल तर पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरेल. तीनशेच भरला तर तो ३२ चा आहे. आडत बाजारात काटा बघत वाढलेल्या लातूरच्या माणसाला एवढं पुरे.

मी खाली रीबॉन्डचा (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेल्या फोमचा) पातळ थर, वर ४० चा, आणि एकूण जाडी मूळच्या सीटएवढीच ठेवतो. पुढच्या कडेचा फोम आतून तिरका कापून गोल करतो, म्हणजे मांडीला धार लागत नाही. ठेंगण्या माणसाची पुढची कड बोटभर कमी करायची. लांब मांड्यांच्या माणसाला बैठक पुढे दीड-दोन इंच वाढवून देता येते, पण गुडघ्यामागची दोन बोटं राखूनच. एवढ्याने पायाला जो आराम मिळतो तो जाडी दुप्पट करूनही मिळत नाही.

इथं हात लावू नका, आणि मलाही सांगू नका

सीट अजून मागे न्यायची म्हणून रेलला वाढीव पट्टी वेल्डिंग करून द्या, जमिनीत नवीन भोकं पाडा, अशी मागणी उंच लोक करतात. करणारे वेल्डर मिळतातही. सीट बेल्टचं कुलूप बहुतेक कारमध्ये सीटलाच बांधलेलं असतं. धडकेत तुमचं सगळं वजन त्या जोडावर येतं. मूळ बनावटीत असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये अडकतो आणि विम्याचा दावा करताना तेच पुढे येतं. पेडल वाकवून घेणं, पेडलवर ठोकळे वेल्ड करणं, स्टेअरिंगचा खांब सोडवणं, हेही त्यातच. पायाने नीट गाडी चालवता येत नसेल, अपघातानंतर पाय आखूड असेल, तर आरटीओच्या परवानगीने होणारे बदल वेगळे. तिकडे रीतसर जा.

सीटखाली पिवळ्या वेष्टणातली वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला की थांबायचं. ती एअरबॅगची किंवा सीट बेल्ट ओढून धरणाऱ्या यंत्रणेची असते. अशी सीट काढायची तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधूनच काढून घ्या. मीटरवर एअरबॅगचा दिवा पेटलेला राहिला तर तो बंद करायचा जुगाड शोधू नका. इलेक्ट्रिक सीट, गरम-थंड होणारी सीट, हवेची सस्पेन्शन सीट, यांची मोटर आणि पाइप कुशनवाल्याचा विषय नाहीत. फ्रेमला तडा असेल तर फ्रेम बदला. तड्यावर वेल्डिंग मारून वर रेक्झिन चढवलं की तडा दिसायचा तेवढा बंद होतो.

गाडीचा नाही, डॉक्टरचा मामला

दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागात, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळत नकळत व्हायला लागली, पाऊल उचलताना लोंबायला लागलं, यातलं एकही झालं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. मणक्यातल्या शिरा दबल्याची ही लक्षणं आहेत आणि उशीर झाला तर नुकसान कायमचं राहतं.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, दुखतेय, तर ती चोळू नका, तेल लावून मालिश तर मुळीच नको. तासन्‌तास बसल्याने रक्तवाहिनीत रक्ताची गाठ होऊ शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्यासोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन लावा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. दोन्ही तळपायांची आग होते, रात्री जास्त, तर साखर तपासून घ्या. असे कित्येक जण सीटला नावं ठेवत फिरतात.

सलग बसण्याला कुशनचं औषध नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातही पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नको आणि मध्ये निदान अर्धा तास विश्रांती हवी असं आहे. शरीर त्याच्याही आधी तक्रार करतं. दीड-दोन तासांनी उतरून ट्रकभोवती एक फेरी मारा, टायर बघायच्या निमित्ताने का होईना.

दुकानात यायचं ठरलंच तर सुटी सीट टेम्पोत टाकून पाठवू नका. पेडल आणि स्टेअरिंग समोर नसेल तर मी माप कशावर घेणार? गाडी आणा, आणि जो चालवतो त्यालाच सोबत आणा. मालक येऊन बसून बघतात, "झकास झालंय" म्हणतात, पैसे देतात, आणि गाडीवर जाणारा पोरगा त्यांच्यापेक्षा वीतभर उंच असतो.